ग्लास नूडल्स आणि आमच्या कुरडया

सिंगापूरला आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, चिनी नववर्षाला तीन दिवस उरले असताना, समोरच्या घरातल्या आंटींनी मला आपल्या स्वयंपाकघरात बोलावून घेतले आणि लिलीच्या वाळवलेल्या कळ्यांचा वाडगा माझ्यापुढे ठेवला. पाण्यात भिजून त्या कळ्या मऊ झाल्या होत्या. रंगाने तपकिरी सोनेरी आणि लांबीला साधारण बोटभर. प्रत्येक कळीचे देठाकडचे कडक टोक नखाने खुडायचे आणि मग त्या कळीलाच मधोमध एक गाठ मारायची, एवढेच काम होते. गाठ नसली तर शिजताना कळी उलगडते आणि तिच्या पाकळ्या रश्श्यात विखुरतात. मी गाठी मारत बसले. शेजारच्या पातेल्यात साध्या, गारच म्हणावे अशा पाण्यात पांढऱ्या दोऱ्याने बांधलेल्या शेवयांच्या दोन लहान जुड्या बुडवून ठेवलेल्या होत्या. दर काही मिनिटांनी आंटी त्यात हात घालत, एक तार ओढून घेत आणि बोटाभोवती गुंडाळून पाहत. शेवटी एक तार न मोडता, न ताठरता बोटावर अंगठीसारखी बसली, तेव्हा त्यांनी जुड्या पाण्याबाहेर काढल्या. मला त्या अजून कच्च्याच वाटत होत्या आणि मी तसे बोलूनही दाखवले. "साधे पाणी एवढेच पुरे," त्या म्हणाल्या. "राहिलेले तिला भाजीतून पिऊ दे."

ग्लास नूडल्स घरी करण्याविषयी मला जे काही सांगायचे आहे, ते बहुतेक सगळे या एका वाक्यात आहे. त्याआधीचे वर्षभर मी त्या इतर नूडल्ससारख्याच उकळत होते, चाळणीत उपसत होते, तेल लावून ठेवत होते आणि मग भाज्यांमध्ये परतत होते. दर वेळी हाती येत होता तो एक बेचव, निसरडा गोळा. पुढे मी अकरा वर्षे त्यांच्या शेजारी राहिले आणि हा पदार्थ अनेक तऱ्हांनी करायला शिकले. ते सारे इथे नीट लिहून ठेवते, कारण आता पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच दुकानांत ही पाकिटे मिळू लागली आहेत आणि ओळखीच्या मैत्रिणी मला अधूनमधून विचारतात की, पाकीट आणले आहे, आता पुढे काय करायचे.

सिंगापूरमध्ये या शेवयांना होक्कियन या चिनी बोलीतले 'तांग हून' हे नाव आहे. चीनच्या प्रमाण भाषेत त्यांना 'फन्स' म्हणतात आणि त्याचा अर्थ पिठाचे तंतू असा होतो. थायलंडमध्ये त्या 'वुन सेन' होतात. वुन म्हणजे चायना ग्रासची असते तशी जेली आणि सेन म्हणजे तार. जपानी लोकांनी त्यांना 'हारुसामे', म्हणजे वसंतातला पाऊस, असे नाव दिले आहे आणि शिजलेल्या शेवया वाडग्यात पडताना पाहिल्या की हे नाव पटते. नावे जशी वेगळी आहेत, तसा कच्चा मालही वेगळा आहे आणि घरी आणताना खरे लक्ष तिथेच द्यायला हवे. चिनी आणि थाई शेवया मूळच्या हिरव्या मुगाच्या सत्त्वाच्या. कोरियातल्या 'दांगम्यन' रताळ्याच्या सत्त्वाच्या असतात; त्या जाड, करड्या आणि रबरासारख्या चिवट असतात. व्हिएतनाममधल्या 'मिएन' तर कर्दळीच्या कंदापासून करतात. आपल्याकडे दारापुढे शोभेला लावतो त्याच कुळातली ही कर्दळ. तिच्या कंदाचे सत्त्व काढून त्याच्या शेवया होतात आणि हनोईत त्या कोंबडीच्या सुपात घालून खातात, हे कळले तेव्हा मला फार नवल वाटले होते.

पण खरे नवल त्यापूर्वीच होऊन गेले होते. या शेवया कशा करतात हे मी पहिल्यांदा सविस्तर वाचले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चीनचा शान्तुंग प्रांत आलाच नाही. आला तो जळगावच्या आमच्या घराचा धाबा, म्हणजे सपाट छत.

शान्तुंग प्रांतात लोंगकोउ नावाचे बंदर आहे. मुगाच्या शेवया जवळच्या चाओयुआन भागात होत आणि या बंदरातून जहाजाने बाहेर जात, म्हणून त्यांना बंदराचेच नाव पडले. आजही पाकिटावर 'लोंगकोउ' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. जुनी रीत अशी की मूग भिजवून वाटायचे, फडक्यातून गाळायचे आणि त्या दुधाळ पाण्यात आदल्या खेपेचे आंबलेले पाणी घालायचे. त्या आंबट पाण्यात दह्यात असतात त्या जातीचे जिवाणू असतात. त्यांच्यामुळे सत्त्व लवकर आणि स्वच्छ खाली बसते, तर प्रथिने वरच्या पाण्यात राहतात. मग थोड्या सत्त्वाची उकळत्या पाण्यात खळ करायची, उरलेले कच्चे सत्त्व त्या खळीत मळायचे आणि ते मिश्रण भोकांच्या भांड्यातून सरळ उकळत्या पाण्यात सोडायचे. धारा पाण्यात पडताच शिजून तरंगू लागतात. त्या लगेच गार पाण्यात घ्यायच्या, नंतर गोठवायच्या आणि गोठलेल्या शेवया वितळवून, मोकळ्या करून, काठ्यांवर टांगून उन्हावाऱ्यात वाळवायच्या.

आता आमच्याकडची कुरडई पाहा. खानदेशात चैत्र-वैशाखात गहू तीन दिवस भिजत घालतात आणि पाणी रोज बदलतात, तरी तिसऱ्या दिवशी त्या पातेल्याला आंबूस वास येतोच. चौथ्या दिवशी गहू वाटायचा, फडक्यातून पिळून चीक काढायचा, चोथा बाजूला करायचा. रात्रभरात चीक तळाशी घट्ट बसतो. सकाळी वरचे निवळ पाणी ओतून द्यायचे, आधणात मीठ घालून चीक घोटायचा आणि गरम असतानाच सोऱ्याने कापडावर कुरडया घालायच्या. लहानपणी आम्हा मुलांचा जीव त्या वाळवणात नव्हता, वाटीत मिळणाऱ्या गरम चिकात होता. कुणी त्यावर गूळ घेई, कुणी तेल-मीठ. धान्य आंबवून त्यातले सत्त्व तेवढे काढून घ्यायचे, ते शिजवून त्याच्या तारा पाडायच्या आणि उन्हात वाळवून वर्षभर पुरवायच्या, ही एकच गोष्ट एकमेकींची गंधवार्ता नसलेल्या दोन मुलखांतल्या बायांनी केली. मला हे साम्य वरवरचे वाटत नाही, कारण त्यामुळे माझा स्वयंपाक प्रत्यक्ष बदलला.

फरक एवढाच की आपण सगळा चीक आधी शिजवून घेतो आणि मग पाडतो, ते बहुतांश कच्चे सत्त्व पाडता पाडता शिजवतात. दुसरा फरक धान्याच्या गुणातला आहे. कोणत्याही पिष्टात दोन घटक असतात. त्यांतल्या अमायलोज नावाच्या घटकाच्या साखळ्या सरळ असतात आणि शिजून गार झाल्यावर त्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. गव्हाच्या सत्त्वात अमायलोज साधारण एक चतुर्थांश असते, मुगाच्या सत्त्वात एक तृतीयांश किंवा त्याहूनही थोडे अधिक. गोठवल्यामुळे ही बिलगण आणखी पक्की होते आणि एकदा झालेली ही वीण साध्या उकळत्या पाण्याने सहसा उसवत नाही. म्हणून मुगाची शेवई रश्श्यात पाच-सात मिनिटे राहिली तरी आकार सोडत नाही, तर कुरडईची भाजी दोन मिनिटे जास्त राहिली की लापशीकडे झुकू लागते. बटाट्याच्या किंवा मक्याच्या सत्त्वाची भेसळ असलेल्या स्वस्त शेवया का विरघळतात, तेही यावरून लक्षात येते. पाकिटावरचा घटकांचा मजकूर वाचूनच घ्यावे. तिथे मूग असावा किंवा मूग आणि वाटाणा असावा. हल्ली चांगल्या शेवयांतही वाटाण्याचे सत्त्व असते आणि ते काम नीट करते.

आणखी एक घोटाळा टाळायला हवा. तांदळाच्या बारीक शेवया, ज्यांना सिंगापूरमध्ये 'बी हून' म्हणतात, त्याही पांढऱ्या आणि बारीक असतात. सुरुवातीला एका दुकानदाराने मला बी हूनच तांग हून म्हणून दिल्या होत्या आणि मीही तपासून घेतले नव्हते. ओळखण्याची खूण सोपी आहे. तांदळाची शेवई खडूसारखी निस्तेज असते आणि बोटांनी दाबली की कट्‌कन मोडते. मुगाची शेवई उजेडात धरली तर थोडी पारदर्शक दिसते आणि मोडायला गेले तर वाकते, स्प्रिंगसारखी परत येते, पण हार मानत नाही. म्हणूनच कोरड्या जुडीतून अर्धी जुडी ओढून काढण्याच्या भानगडीत पडू नये. तारा ओट्यावर चहूकडे उडतात. जुडी अखंड भिजवावी, मऊ झाल्यावर दोरा कापावा आणि मग हव्या तर कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापाव्यात. आंटी नववर्षाच्या भाजीत त्या कधीच कापत नसत. लांब शेवई म्हणजे दीर्घ आयुष्य. ते सणाच्या दिवशी कात्रीने तोडायचे नाही, ही त्यांच्या घरची श्रद्धा होती आणि मीही त्या दिवशी ती पाळते.

आता त्या भाजीविषयी. तिचे नाव 'चाप चाय'. यातल्या चायचा चहाशी संबंध नाही. होक्कियनमध्ये चाय म्हणजे भाजी आणि चाप म्हणजे मिसळ. कोरियाची प्रसिद्ध 'जापचे' ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांनी हीदेखील लिहिली जाते. मात्र ही भाजी सिंगापूर-मलाक्का-पेनांगकडच्या पेरानाकान लोकांची, म्हणजे फार पूर्वी मलय मुलखात येऊन स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांच्या वंशजांची. तिच्यात सुकवलेली कोळंबी आणि डुकराचे मांस घालण्याची रीत आहे. मी मांसाहार करत नाही हे आंटींना ठाऊक होते. त्या स्वतः चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळत, त्यामुळे मांसाविना चव कशी आणायची हे त्यांना नेमके माहीत होते आणि माझ्यासाठी त्यांनी लहान पातेले वेगळे चढवले होते.

चार माणसांसाठी मी असे प्रमाण घेते. अर्धा किलो कोबी, हाताने तोडून मोठे तुकडे केलेला. सुरीने बारीक चिरलेला कोबी इथे चालत नाही, त्याचा लगदा होतो. आठ वाळलेले शिताके मशरूम, मूठभर काळी बुरशी, जी वाळलेली असताना करपलेल्या कागदासारखी दिसते आणि भिजल्यावर चौपट फुगते, पंचवीस-तीस गाठी मारलेल्या लिलीच्या कळ्या, सोयाबीनच्या दुधावरच्या सायीच्या वाळलेल्या पट्ट्या दोन, लसणाच्या सहा पाकळ्या आणि 'ताउ चो', म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे खारट वाटण, दीड मोठा चमचा. तांग हूनची जुडी मात्र एकच, साधारण ५० ग्रॅमची. पाहिल्यावर ती अपुरी वाटते आणि सगळे जण तिथेच चुकतात. शिजल्यावर तिचे वजन तिप्पट किंवा त्याहून जास्त होते, आणि ते वाढलेले वजन तुमच्या रश्श्यातून आलेले असते.

मशरूम आदल्या रात्री तीन वाट्या पाण्यात भिजत घालावेत आणि ते पाणी गाळून जपून ठेवावे, कारण शाकाहारी चाप चायचा सगळा जीव त्या तपकिरी पाण्यात असतो. तेलात ठेचलेला लसूण टाकून तो नुसता बदामी व्हायला लागला की ताउ चो घालून मंद आचेवर परतायचे. वाटण तळाला लागते, म्हणून इथे घाई करू नये आणि हलवणे थांबवू नये. खारट, काहीसा मिसोसारखा, म्हणजे सोयाबीनच्या जपानी आंबवलेल्या वाटणासारखा, वास सुटला की मशरूम, बुरशी आणि कळ्या घालून दोन मिनिटे परतायचे, मग कोबी आणि मशरूमचे पाणी घालून झाकण ठेवायचे. वीस-पंचवीस मिनिटांत कोबी गोड आणि पारदर्शक होतो. सोयाबीनच्या पट्ट्या अर्ध्या वेळाने घालाव्यात. मीठ या वेळेपर्यंत घालायचे नाही, कारण वाटणात ते भरपूर असते.

आता तांग हून. भाजी उतरायच्या पाच मिनिटे आधी पातेल्यात डोकावून पाहावे. तुम्हाला पानात जेवढा रस्सा हवा आहे, त्यापेक्षा निदान वाटीभर अधिक रस्सा त्या घडीला पातेल्यात हवा. नसेल तर उकळते पाणी घालावे आणि मगच चव पाहून मीठ किंवा सोया सॉस वाढवावा. चव या क्षणी जिभेला किंचित जास्त लागली पाहिजे. शेवईला स्वतःची चव नसते, ती जे पिते तीच तिची चव, म्हणून रस्सा पुळचट असेल तर शेवई त्याहून पुळचट होणार. भिजवलेली जुडी रश्श्याखाली दाबायची आणि झाकण न ठेवता पाहत राहायचे. पाहण्यासारखेच असते ते. पातेल्यात जाताना दुधी पांढरी असलेली तार कडेकडून साफ होत जाते, तिच्यातून खालच्या मशरूमचा रंग दिसू लागतो आणि दोन-तीन मिनिटांत ती पूर्ण काचेसारखी होते, फक्त रश्श्याची तपकिरी झाक तेवढी तिच्या अंगात उतरलेली असते. एकही पांढरी रेघ दिसेनाशी झाली की आच बंद करावी.

भिजवण्याचे पाणी गरम का नको, हे मला नंतर स्वतः करून पाहिल्यावर कळले. उकळत्या पाण्यात ठेवलेली शेवई पाच मिनिटांत पोट भरून पाणी पिते, मग रश्श्यासाठी तिच्यात जागाच उरत नाही. गार पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवली तर ती वाकण्यापुरती मऊ होते आणि तहानलेली राहते. आई कुरडईची भाजी करताना नेमके हेच करायची. कुरडया पाण्यात टाकून, मऊ पडताच पिळून काढून, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायची आणि वर पाण्याचा हबका द्यायची. मी ते शंभर वेळा पाहिले होते, तरी परदेशातल्या पाकिटावर ते लागू पडेल असे आंटींनी दाखवून देईपर्यंत माझ्या मनात आले नाही.

कोशिंबिरीच्या प्रकारात मात्र हा नियम उलटा होतो, कारण तिथे शिजवायला रस्सा नसतो. थायलंडची 'याम वुन सेन' ही माझ्या घरी सर्वांत जास्त वेळा होणारी गोष्ट. तिच्यासाठी भिजवलेली शेवई उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट टाकून पूर्ण पारदर्शक करायची, चाळणीत निथळायची आणि वाफ येत असतानाच तिच्यावर आंबट-गोड-तिखट पाणी ओतायचे. तीन मोठे चमचे लिंबाचा रस, एक चमचा ताडगूळ किंवा साधा गूळ, चार-पाच बारीक लाल मिरच्या, लसूण. मूळ कृतीत माशांचा सॉस असतो. मी त्याऐवजी फिका सोया सॉस दोन चमचे आणि चिमूटभर मीठ घेते, चव तीच राहत नाही पण उत्तम लागते. नंतर पातळ चिरलेला कांदा, टोमॅटो, सेलरीची कोवळी पाने, कोथिंबीर आणि भाजून भरड कुटलेले शेंगदाणे. दाण्यांचे कूट बारीक नको, ते पाणी शोषून चिखल करते. गरम शेवई आंबट पाणी आत ओढून घेते, गार झालेली शेवई ते नुसते अंगावर धरते. एकदा दोन्ही करून शेजारी शेजारी ठेवून खाऊन पाहावे. हा पदार्थ केल्यावर तासाभरात संपला पाहिजे. एकदा एका मैत्रिणीकडे दुपारच्या जेवणाला न्यायचा म्हणून मी तो आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला होता. सकाळी सगळे पाणी नाहीसे झाले होते आणि शेवया बोटांना टोचतील इतक्या ताठ होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. गारठ्यात अमायलोजच्या साखळ्या पुन्हा घट्ट होतात, त्याचाच हा परिणाम. आता मी शेवया, भाज्या आणि आंबट पाणी तीन डब्यांत वेगवेगळे नेते आणि तिथे पोचल्यावर शेवया उकळत्या पाण्यातून काढते.

कोरियन जापचेविषयी थोडक्यात सांगते, कारण ती मी कमी वेळा करते. सतराव्या शतकाच्या आरंभी, राजा ग्वांगहेगुनच्या काळात, म्हणजे १६०८ ते १६२३ च्या दरम्यान, जापचे दरबारात आली असे सांगतात, पण तेव्हा तिच्यात शेवया नव्हत्याच; ती नावाप्रमाणे भाज्यांचीच मिसळ होती. १९१९ मध्ये सारीवोन येथे दांगम्यनचा कारखाना निघाल्यानंतर शेवया तिच्यात आल्या आणि आता शेवयांवाचून ती ओळखताही येणार नाही. रताळ्याची ही जाड शेवई गार पाण्यात भिजवून भागत नाही. ती सहा ते आठ मिनिटे उकळावी, गार पाण्याखाली धुवावी आणि लगेच तिळाचे तेल व सोया सॉस लावून ठेवावी. पालक, गाजर, कांदा, मशरूम हे सगळे वेगवेगळे परतायचे असते. हे वेळखाऊ आहे, आणि एकत्र परतून वेळ वाचवण्याचा मोह होतो, पण मग प्रत्येक भाजीची वेगळी चव राहत नाही आणि करण्याचे प्रयोजनच संपते.

गेल्या मे महिन्यात जळगावला गेले तेव्हा बॅगेत मुगाच्या आणि रताळ्याच्या शेवयांची पाकिटे नेली होती. आईने मुगाची जुडी हातात घेऊन उजेडात धरली, एक तार ओढून दाताखाली घेतली आणि म्हणाली, "हा तर चीकच आहे. गव्हाचा नाही, एवढंच." मग तिने काही न विचारता कढईत तेल तापत ठेवले आणि न भिजवलेल्या पाच-सहा तारा त्यात सोडल्या. पापणी लवायच्या आत त्या पांढऱ्याशुभ्र होऊन फुलल्या, वळल्या, कढईभर झाल्या. तारेच्या पोटात राहिलेला ओलावा एकदम वाफ होऊन तिला फुगवतो. कुरडईतही तेच घडते. तेल मात्र चांगले तापलेले हवे. एक तार टाकून पाहावी. ती तळाशी बसली तर थांबावे, बसताक्षणी उसळून वर आली तर बाकीच्या सोडाव्यात आणि दोन-तीन सेकंदांत काढून घ्याव्यात. कोमट तेलात टाकलेली शेवई मधोमध कडक राहते आणि दातांना लागते. आईच्या मते त्या कुरडईपेक्षा हलक्या, पण चवीला फिक्या. मला ते मान्य आहे. चिकात मीठ असते, यांत काहीच नसते, म्हणून तळून निघताच मीठ आणि लाल तिखट भुरभुरावे लागते.

रताळ्याच्या पाकिटावर आईचा प्रश्न वेगळा होता. एकादशीला ही चालेल का? रताळे चालते, साबुदाणा चालतो, मग रताळ्याचे सत्त्व का नाही, असे तिचे म्हणणे. आम्ही पाकिटावरचा मजकूर नीट वाचला. त्यात रताळ्याच्या सत्त्वाखेरीज काही नव्हते. काही पाकिटांत मक्याचे सत्त्वही मिसळलेले असते, ती उपवासाला बाद. त्या एकादशीला तिने उकडून धुतलेल्या शेवयांना तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची, दाण्याचे कूट आणि लिंबू लावले. साबुदाण्याच्या खिचडीची सगळी सामग्री, फक्त साबुदाण्याच्या जागी तारा. सोया सॉस अर्थातच नाही.

मुगाच्या आहेत म्हणून या शेवया पौष्टिक, असा समज मला अनेकींच्या बोलण्यात आढळतो आणि तो मधुमेह असलेल्या घरात महागात पडू शकतो. मुगातली प्रथिने सत्त्व काढतानाच पाण्याबरोबर निघून गेलेली असतात. १०० ग्रॅम कोरड्या शेवयांत सुमारे ८६ ग्रॅम कर्बोदके आणि साधारण ३५० कॅलरी असतात, प्रथिने अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. तेव्हा ताटात टोफू, पनीर, अंडे किंवा उसळ असे काहीतरी सोबत हवेच. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांना या शेवया चालतात, परंतु नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो हे अशा घरात लक्षात ठेवावे लागते.

चाप चाय दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते असे आंटी म्हणत आणि म्हणून त्या मुद्दाम मोठे पातेले करत. ते खरे आहे, पण तिच्यात एक मेख आहे. रात्रभरात शेवया राहिलेला सगळा रस्सा पिऊन टाकतात आणि सकाळी पातेल्यात नुसता थिजलेला थर दिसतो. तो तसाच परतायला घेतला तर तळाशी करपतो. आंटी त्यावर अर्धी वाटी उकळते पाणी कडेकडेने सोडत, झाकण ठेवत आणि सर्वांत मंद आचेवर दहा मिनिटे त्याला हात लावत नसत. झाकण काढले की शेवया पुन्हा सुटलेल्या, पुन्हा काचेसारख्या झालेल्या असत, आणि आदल्या दिवशी वेगळी वेगळी लागणारी बुरशी, कोबी, लिलीच्या कळ्या या सगळ्यांची मिळून एकच चव त्यांच्यात उतरलेली असे. पातेल्याच्या तळाशी हमखास एखादी गाठ सुटलेली कळी सापडे; ती त्या काढून माझ्या वाटीत घालत.